मांस बारीक करायचं यंत्र काढणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं बनवलेला गुण्या शिरोली एमआयडीसीत आजही धुऊन-पुसून वापरला जातो

पुण्याहून बेंगळुरूकडं जाणारा हायवे धरला की कोल्हापूरच्या अलीकडं, पंचगंगेचा पूल यायच्या आधी एक गाव लागतं. पुलाची शिरोली. बाहेरचा माणूस इथं गाडीची काच खाली करतो तो थेट तांबड्या-पांढऱ्याचा पत्ता विचारायला. पण हायवेच्या कडेला जी शेडची रांग दिसते ना, ती शिरोली एमआयडीसी. कोल्हापूरचं पोट भरण्यात उसाच्या बरोबरीनं जिचा वाटा आहे, ती ही जागा.

इथं बीड वितळतं, साच्यात ओतलं जातं आणि थंड झालेलं कास्टिंग मशीनवर चढतं. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, इंजिन अशा कशाकशाचे सुटे भाग इथनं बाहेर पडतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि शहरातलं जुनं शिवाजी उद्यमनगर मिळून कोल्हापूर हे देशातलं फाउंड्रीचं मोठं केंद्र झालंय.

आता कुठल्याही मशीन शॉपमधल्या जुन्या फिटरची पेटी उघडा. कानशी, पंच, हातोडी, डिव्हायडर. आणि त्यातच एक स्टीलची खाचेची पट्टी, तिच्यावर मागं-पुढं सरकणारं बिडाचं डोकं, डोक्यात बसवलेली पाण्याची छोटी लेव्हल. हाच तो कॉम्बिनेशन स्क्वेअर. आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्या पोरांना तो पहिल्याच वर्षी भेटतो. सुतार ज्याला गुण्या म्हणतात, त्याचाच हा लोखंडी कामातला थोरला भाऊ.

आता शिरोलीची हवा कशी, तर फाउंड्रीची वाळू, मशीनचं कूलंट आणि चार महिने मुरणारा पाऊस. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. अशा हवेत पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. मग पेटीच्या तळाला पडलेला एखादा जुना स्क्वेअर निघतो. पट्टी तांबूस, आकडे दिसेनात, नट जाम, लेव्हल धुरकट. नवं पोरगं म्हणतं, भंगारात टाकूया, नवा घेऊया. जुना फिटर मात्र तो उचलतो, रॉकेलच्या डब्यात टाकतो आणि कामाला लागतो.

हा जुना फिटर चिकट आहे म्हणून असं करतो, असं समजू नका. त्या हत्याराची रचनाच अशी आहे की ते सहजासहजी मरत नाही. आणि ती रचना ज्याच्या डोक्यातनं आली, तो कुठल्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेला नव्हता. तो होता कर्जात अडकलेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा.

त्याचं नाव लरॉय स्टॅरेट.

बारा भावंडं आणि गहाण पडलेली शेती

लरॉय संडरलँड स्टॅरेट याचा जन्म २५ एप्रिल १८३६ चा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथं चायना नावाचं एक गाव आहे. चीन देशाशी त्याचा काही संबंध नाही, गावाचं नावच तसं. थंडी कडाक्याची, शेती बेताची. घरात बारा भावंडं.

आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरात जे होतं तेच तिथंही झालं. बापाची शेती गहाण होती आणि कर्ज फिटत नव्हतं. लरॉय गावातल्या शाळेत जेवढं शिकायला मिळालं तेवढं शिकला आणि सतराव्या वर्षी घर सोडलं. दुसऱ्याच्या शेतावर राबायचं आणि मिळालेल्या पैशांतनं बापाचं कर्ज उतरवायला हातभार लावायचा, एवढाच हिशोब होता.

मेनमधून तो खाली मॅसॅच्युसेट्स राज्यात आला. तिथंही शेतावरच काम केलं. न्यूबरीपोर्ट या गावाजवळ टर्की हिल नावाचं शेकडो एकरांचं शेत होतं. ते त्यानं भाड्यानं कसायला घेतलं. १८६१ मध्ये लिडिया बार्टलेट हिच्याशी त्याचं लग्न झालं. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. देशात रणधुमाळी, आणि हा गडी गुरं, दूध, चारा, मांस यांच्या रगाड्यात.

पण शेतावर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते. काहीतरी सारखं मोडत असतं, आणि दुरुस्त करायला दुसरं कुणी येत नसतं. स्टॅरेटला हत्यारांचा नाद होता. जे काम हातानं करून कंबर मोडते, ते यंत्रानं कसं होईल, याचा विचार त्याच्या डोक्यात चालू झाला.

पहिलं यंत्र निघालं ते मांस बारीक करायचं

१८६५ साली स्टॅरेटनं एका यंत्राचं पेटंट घेतलं. एक गोल भांडं, ते फिरत राहायचं आणि त्यात वरनं सुरी खाली-वर व्हायची. दांडा फिरवला की दोन्ही कामं एकदम चालायची. आत टाकलेलं मांस बारीक होऊन बाहेर. त्याला नाव मिळालं हॅशर.

आता ऐकायला हे काही फार मोठं वाटत नाही. पण तेव्हाच्या घरात आणि खाटकाच्या दुकानात हे काम सुरीनं तासन् तास चालायचं. त्यामुळं यंत्र चाललं.

ते बनवून घ्यायचं तर कारखाना लागणार. त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधलंच ॲथोल हे छोटं गाव ठरलं. मिलर्स नदीच्या काठी वसलेलं, नदीच्या पाण्यावर चाकं फिरवणारं. १८६८ मध्ये स्टॅरेट तिथं राहायला गेला. हॅशर आणि त्याचे इतर शोध बनवण्यासाठी ॲथोल मशीन कंपनी उभी राहिली आणि तिच्या कामाची देखरेख त्याच्याकडं आली. बुटाची नाडी अडकवायचे हुक आणि त्यांच्याशी निगडित वस्तूंवरही त्यानं काम केलं.

इथं मराठी वाचकाला एक आपला माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागा गेली तेव्हा औंध संस्थानानं कुंडलजवळचं माळरान दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापूरपासून फार लांब नाही ते. दोघांच्यात एक पिढीचं अंतर आणि दोन समुद्रांचं. पण वाट सारखीच. शेतकऱ्याची अडचण आधी बघायची, मग कारखान्यात शिरायचं. आणि कारखान्यात शिरलं की पुढचा प्रश्न समोर उभा राहतो. सारखी वस्तू, सारख्या मापाची, पुन्हा पुन्हा कशी बनवायची?

स्टॅरेटसमोर हाच प्रश्न उभा राहिला होता.

एका माणसाला किती गुण्ये लागायचे?

यासाठी त्या काळातला कारागीर काय करत होता ते बघावं लागतं.

काटकोन बघायचा तर गुण्या. पण गुण्याची पट्टी पक्की जोडलेली, लांबी ठरलेली. छोट्या खाचेत मोठा गुण्या शिरायचा नाही, म्हणून छोटा वेगळा. मोठ्या जॉबला छोटा पुरायचा नाही, म्हणून मोठा वेगळा. ४५ अंशाची तिरकी रेघ मारायची तर त्याचं हत्यार वेगळं. खोली मोजायची तर वेगळं. माप घ्यायला पट्टी वेगळी. पातळी बघायला लेव्हल वेगळी. गोल शाफ्टचा मध्य काढायचा तर आणखी वेगळं.

एवढी सगळी हत्यारं विकत घ्यायची कुठनं आणि सांभाळायची कुठं? त्यात गुण्या एकदा हातातनं पडला आणि जोड हलला, की तो कायमचा संपला. वरनं दिसायला चांगला, पण प्रत्येक जॉब वाकडा करणारा.

आणि वाकडेपणाचा हिशोब फार महाग असतो. १०० मिलीमीटर लांबीवर फक्त १ अंश चुकला, तर टोकाला सुमारे पावणेदोन मिलीमीटरचा फरक पडतो. कास्टिंगवर मशीनिंगसाठी जो माल जादा ठेवलेला असतो, तो कित्येकदा दोन-तीन मिलीमीटरच असतो. म्हणजे मार्किंगची एक रेघ चुकली की एका बाजूला माल कमी पडतो, तिथं काळं राहतं आणि अख्खं कास्टिंग रिजेक्ट होतं. वितळवायला गेलेली वीज, मजुरी, वेळ, सगळं पाण्यात.

शिरोलीत हे आज खरं आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या ॲथोलमध्येही हे तितकंच खरं होतं.

वाईट दिवसांत आलेला शोध

१८७७ च्या आसपास स्टॅरेट चाळिशी ओलांडलेला माणूस होता. नाव होतं, चार पेटंट होती. पण दिवस काही चांगले नव्हते. ज्या कंपनीत त्याची यंत्रं बनत होती, तिच्या कारभाऱ्यांशी त्याचं बिनसलं. जिथं त्याचं डोकं आणि घाम गेला होता, तिथनंच त्याला बाहेर पडावं लागलं.

त्यातच १८७८ मध्ये लिडिया गेली. घरात लेकरं आणि बापाच्या हाताला पक्कं काम नाही.

याच काळात त्यानं कॉम्बिनेशन स्क्वेअर घडवला. ६ मे १८७९ ला त्याचं पेटंट मिळालं.

कल्पना ऐकायला अगदी सोपी वाटते. गुण्याची पट्टी डोक्याला पक्की जोडायचीच कशाला? पट्टीला लांबीभर एक खाच पाडायची. डोक्यात पट्टी जाईल एवढी फट ठेवायची. त्यात एक छोटा स्टड, त्याचं टोक पट्टीच्या खाचेत अडकणारं. बाहेरनं नट. नट सैल केला की पट्टी सरकते, पाहिजे तिथं थांबवून नट आवळला की स्टड पट्टीला खाली ओढतो आणि फटीच्या तळावर घट्ट बसवतो.

डोक्याची एक बाजू ९० अंशात, दुसरी ४५ अंशात. आत लेव्हल. झालं, एका हत्यारात गुण्या आला, ४५ चा गुण्या आला, मापाची पट्टी आली, खोली मोजायचं साधन आलं, उंची ठरवायचं आलं, पातळी आली. पुढं याच पट्टीवर बसणारं सेंटर हेड आणि कुठलाही कोन लावता येणारं प्रोट्रॅक्टर हेडही या सेटमध्ये आलं. आयटीआयमध्ये ज्याला कॉम्बिनेशन सेट म्हणतात तो हाच.

पण यातली खरी मेख सहज लक्षात येत नाही. पक्क्या गुण्याचा काटकोन हा जोडावर अवलंबून असतो. जोड हलला की खेळ खल्लास. स्टॅरेटच्या स्क्वेअरचा काटकोन अवलंबून असतो तो फक्त तीन गोष्टींवर. पट्टीची कड सरळ पाहिजे, डोक्याचं तोंड सपाट पाहिजे आणि फटीच्या तळाशी पट्टी ज्या दोन छोट्या उंचवट्यांवर टेकते ते बरोबर पाहिजेत. या तिन्ही जागा उघडता येतात, पुसता येतात, तपासता येतात. म्हणजे हत्यार बिघडलं तरी ते बरं करायची वाट बनवणाऱ्यानंच ठेवून दिली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात

१८८० साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्टॅरेटनं ॲथोलमध्येच स्वतःचा धंदा उघडला. नाव स्वतःचंच, एल. एस. स्टॅरेट. माल मुख्यतः एकच, कॉम्बिनेशन स्क्वेअर.

काळही बरोबर होता. अमेरिकेत रेल्वे पसरत होती. बंदुका, शिलाई मशीन, सायकली, शेतीची अवजारं असं सगळं कारखान्यात बनायला लागलं होतं. एका यंत्राचा सुटा भाग दुसऱ्या यंत्रात बसला पाहिजे, हा आग्रह वाढत होता. आणि त्यासाठी प्रत्येक कारागिराच्या हातात भरवशाचं मोजमाप पाहिजे होतं. कारखान्याचं नाही, त्याचं स्वतःचं. कारण तेव्हा कारागीर आपली हत्यारं आपल्या पैशानं घ्यायचा आणि आपल्याच पेटीत ठेवायचा.

स्टॅरेटचं गिऱ्हाईक म्हणजे हा पेटीवाला माणूस. दहा हत्यारांच्या जागी एक मिळतंय म्हटल्यावर त्यानं खिशात हात घातला. थोड्याच वर्षांत माल अटलांटिकच्या पलीकडं लंडन-पॅरिसपर्यंत पोचला.

मग एकाला एक जोडत गेलं. कॅलिपर, डिव्हायडर, स्टीलच्या पट्ट्या, सरफेस गेज, हॅकसॉ ब्लेड. मायक्रोमीटर त्यानं शोधला नाही, तो आधीपासून होता. पण १८९० च्या सुमारास त्यानं त्यात सुधारणा केल्या आणि हातात धरायचा मायक्रोमीटर आज जसा दिसतो, त्याला आकार देण्यात त्याचाही हात आहे. १९०० साली धंद्याची रीतसर कंपनी झाली. ॲथोल गावाची ओळखच हत्यारांचं गाव अशी झाली.

आणि मग आलं १९०५ साल.

ज्या ॲथोल मशीन कंपनीतनं स्टॅरेटला बाहेर पडावं लागलं होतं, तीच कंपनी स्टॅरेटच्या कंपनीनं विकत घेतली. पंचवीस-तीस वर्षांचा हिशोब पुरा झाला. कोल्हापुरात याला काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको.

एप्रिल १९२२ मध्ये, ८६ वा वाढदिवस दोनच दिवसांवर असताना, स्टॅरेट गेला. गहाण शेतीतनं निघालेला पोरगा जाताना जगभर माल पाठवणारा कारखाना मागं ठेवून गेला. त्या कंपनीचे कारखाने पुढं ब्राझील, स्कॉटलंड आणि चीनमध्येही उभे राहिले. २०२४ मध्ये कंपनीची मालकी बदलली, पण नाव तेच आहे.

मग हा स्क्वेअर शिरोलीपर्यंत आला कसा?

याचं उत्तर पेटंटच्या नियमात आहे. त्या वेळी अमेरिकेत पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. म्हणजे १८७९ चं पेटंट १८९६ ला संपलं. त्यानंतर कुणालाही असा स्क्वेअर बनवायची मुभा झाली. अमेरिकेतल्या इतर कंपन्यांनी बनवला, इंग्लंडमध्ये बनला, जपानमध्ये बनला, भारतात बनला. आज हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांपासून तो मिळतो.

इथंच खरी गोम आहे. स्वस्तातल्या बऱ्याच स्क्वेअरमध्ये आकार स्टॅरेटचा असतो, पण ज्या तीन जागांवर काटकोन ठरतो त्याच जागा घाईत उरकलेल्या असतात. फट रंगानं भरलेली, तळाचे उंचवटे खडबडीत, स्टड ढिला. दिसायला चकचकीत आणि कामाला वाकडा. त्यापेक्षा तीस-चाळीस वर्षं वापरलेला, गंजलेला पण चांगल्या घडणीचा जुना स्क्वेअर परवडतो. म्हणून जुना फिटर त्याला भंगारात टाकत नाही.

जुना स्क्वेअर बरा करायचा तो असा

पहिलं काम म्हणजे सगळं सुटं करायचं. नट जाम असेल तर पकड लावून जोर करायचा नाही. नटावर नक्षी असते, ती खराब होते आणि आतला स्टड मोडू शकतो. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवायचं. सकाळी नट बोटानं फिरतो. आत एक छोटी स्प्रिंग असते. ती उडून वाळूत पडली तर दिवसभर शोधत बसावं लागतं, म्हणून हे काम कापडावर करायचं. डोक्यात खालच्या बाजूला बऱ्याचदा रेघ मारायची सुई खोचलेली असते. ती पण काढून ठेवायची.

लेव्हलची काच शक्यतो आहे तिथंच ठेवून बाजूनं पुसायची. बाकीचे भाग रॉकेलमध्ये भिजवायचे. डोकं रॉकेलमध्ये बुडवताना लेव्हल वर राहील असं धरायचं.

मग पट्टी. इथं बरीच पोरं चूक करतात. वायर ब्रश लावलेला ग्राइंडर घेतात आणि दोन मिनिटांत पट्टी चकचकीत करतात. चकचकीत होते खरी, पण आकडे उडतात आणि कडा गोल होतात. कडा गेली की पट्टी गेली. त्यापेक्षा जुन्या ब्लेडनं आडवं धरून वरवरचा गंज खरवडायचा, पितळी ब्रशनं आकड्यांतली घाण काढायची, मग सपाट काचेवर बारीक एमरी पेपर पसरून, तेल टाकून, पट्टी लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवायची. खड्डे पडलेत ते जाणार नाहीत. ते घालवायच्या नादाला लागायचं नाही. खड्ड्यांनी काटकोन बिघडत नाही, कड बिघडली की बिघडतो. पट्टीच्या मधली खाच एका पातळ काडीला कापड गुंडाळून आतनं साफ करायची, कारण स्टडचं टोक तिथंच धावतं.

काही जण व्हिनेगरमध्ये टाकून गंज काढतात. निघतो, पण जास्त वेळ ठेवलं तर आम्ल पोलादालाच खायला लागतं आणि पट्टी काळपट होते. तसं करायचंच असेल तर मधूनमधून बघत राहायचं, काढल्यावर लगेच धुऊन, कोरडं करून तेल लावायचं.

डोक्याचं तोंड तेलाच्या दगडावर एकदा हलकं फिरवायचं. पडल्यामुळं कुठं टोक वर आलं असेल, तर तेवढंच घासलं जातं. बाकी काही घासायचं नाही.

आणि शेवटी फट. वर्षानुवर्षांचं तेल, वाळू, बिडाचा भुगा तिथं घट्ट बसलेला असतो. वाकडा झालाय म्हणून टाकून दिलेल्या कित्येक स्क्वेअरचं दुखणं एवढंच असतं. तळाच्या दोन उंचवट्यांपैकी एकावर मळ साठलेला, त्यामुळं पट्टी एका अंगाला कललेली. मळ काढला की स्क्वेअर सरळ.

आता काटकोन खरा की खोटा, हे कसं कळणार?

याला दुसरं कुठलंही महाग हत्यार लागत नाही. सरळ कड असलेली एक पत्र्याची प्लेट किंवा फळी घ्यायची. डोकं कडेला टेकवून पट्टीच्या धारेनं एक बारीक रेघ मारायची. मग स्क्वेअर उलटा करायचा, डोकं त्याच कडेला पण दुसऱ्या दिशेनं, आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर काटकोन बरोबर. वर जाता जाता फाकल्या तर चूक. आणि जी फाक दिसते ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळं बारीक चूकही डोळ्याला कळते. फळीची कड मात्र सरळच पाहिजे, नाहीतर दोष फळीचा आणि शिक्षा स्क्वेअरला.

साफ करूनही रेघा फाकल्या, तर फटीच्या तळाचा जो उंचवटा जास्त आहे त्यावर बारीक, पातळ कानस एकदा, फार तर दोनदा फिरवायची. मग पुन्हा जोडून पुन्हा रेघ. पुन्हा एकदा कानस, पुन्हा रेघ. बिडाचं डोकं असेल तर कानस लागते. कडक केलेल्या पोलादाचं असेल तर कानस घसरते, तिथं बारीक दगडच पाहिजे. घाई केली तर उलट्या बाजूला कलतो आणि मग दुसरा उंचवटा घासत बसावं लागतं. या कामात अर्धा दिवस गेला तरी तो वाया जात नाही.

सेंटर हेड असेल तर तेही तपासता येतं. गोल शाफ्टच्या तोंडावर तीन वेगवेगळ्या दिशांनी रेघा मारायच्या. तिन्ही एकाच बिंदूत मिळाल्या तर हेड ठीक. मधे बारीक त्रिकोण तयार झाला तर हेड हललंय.

हे सगळं झालं की मशीन ऑइलचा पातळ हात फिरवायचा आणि स्क्वेअर कानशींपासून लांब, कापडात गुंडाळून ठेवायचा. कानशीवर पडलेली पट्टी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आजही त्याचं काम काय?

आज शिरोलीत व्हीएमसी मशीन आहेत, सीएमएम आहेत, मायक्रॉनमध्ये बोलणारी पोरं आहेत. तरीही कास्टिंग फिक्स्चरवर चढवताना, पहिल्या जॉबवर रेघ मारताना, वेल्डिंगची फ्रेम जुळवताना हात आधी जातो तो या स्क्वेअरकडं. मायक्रॉनचं माप घ्यायला तो नाहीच. पण कच्च्या मालातला मोठा वाकडेपणा पहिल्या मिनिटाला पकडायचा तर त्याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. मशीन सुरू व्हायच्या आधी पकडलेली चूक ही सगळ्यात स्वस्त चूक असते.

स्टॅरेटच्या नावावर पुढं पेटंटांची मोठी यादी जमा झाली. त्यातलं मांस बारीक करायचं यंत्र आता जुन्या वस्तूंच्या संग्रहात सापडतं. बुटाचे हुक कुणाच्या लक्षातही नाहीत. स्क्वेअर मात्र जगातल्या मशीन शॉपमध्ये आणि सुतारांच्या पेट्यांत रोज उघड-झाक होतो. पेटंट संपल्यावर त्याची नक्कल करणाऱ्यांनी आकार बदलला नाही, कारण बदलण्यासारखं त्यात फारसं काही उरलंच नव्हतं.

म्हणून पेटीच्या तळाला असा एखादा गंजका तुकडा सापडला, तर भंगाराच्या काट्यावर टाकायच्या आधी एक फळी घ्या, दोन रेघा मारा आणि बघा. किलोच्या भावात त्याचे दोन-पाच रुपये येतील. काटकोनात निघाला, तर पुढची पिढी त्याच्यावर मार्किंग शिकेल.